अठ्ठावन्न आणि एक

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी
मी स्टुडिओचं शटर अर्ध्यावरच ठेवतो,
पासपोर्टवाल्यांना म्हणतो, उद्या या,
आणि गंगाखेडहून गाडी काढून
उखळीच्या अलीकडच्या वळणावर येऊन बसतो.

वर्षभर माणसांचे चेहरे काढतो मी.
हनुवटी थोडी वर. खांदे सैल. हसू नका.
मुलीकडचे हळूच सांगतात, जरा उजळ करा.
मालगाडी कधीच म्हणत नाही,
दाखवा बरं, कशी आले.

आश्विनातलं ऊन
सकाळी पाहुण्यासारखं वागतं,
दुपारी घरजावयासारखं.
सोयाबीन निघालंय, रानात नुसत्या खोडक्या,
पलीकडं तूर नुकती पिवळी पडायला लागलेली,
पहिल्या वेचणीचा कापूस बाईच्या ओट्यात,
आणि बांधावर कुर्डू, गुलाबी शेंड्याचा पांढरा,
कुणी पेरला नाही, कुणी मोजत नाही.

रुळाकडेला तरोटा वाळलाय.
गाडी येण्याआधी त्याच्या शेंगा खुळखुळतात,
कानाला कळतं ते नंतर.

पहिली आली नऊ वाजून दहाला, परळीकडं, कोळशाची.
इंजिन चौकटीत घेतलं तेवढ्यात
मधे विजेचा खांब.
दुसरी रिकामी, परत जाणारी,
तिच्या डब्यांतून पत्र्याचा पोकळ आवाज.
ती चांगली मिळाली असती,
पण एक शेळी कुर्डू खात खात पुढं आली
आणि मी शेळीच काढली.

तिसरी मात्र थांबली.
सिग्नल लाल.
एकेक डबा मंदावत गेला माझ्यासमोरून,
मी सवयीनं मोजत होतो,
अठ्ठावन्न,
आणि शेवटचा ब्रेकव्हॅन अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला.

लोखंडी कठड्याला टेकून गार्ड सीताफळ फोडत होता.
उदगीरचे बिराजदार. नाव नंतर कळलं.

"काय काढूलालाव?"
"गाडी."
"हिला काय बघायचं? कोळसा हाय."
बी थुंकली खडीवर.
"पुढून काढला असंल. समदे पुढूनच काढतेत."

मी काही बोललो नाही.
त्यांनी वाकून अर्धं सीताफळ दिलं,
बालाघाटाचं, डोळे उघडलेलं, बोटांना गोड चिकटणारं.

"कागदावर आता मॅनेजर म्हणतेत आमाला.
कुणाचा? ह्या अठ्ठावन्नांचा.
एकबी ऐकत न्हाई.
काई गाड्यांला तर माणूसच न्हाई मागं,
एक डबी लावतेत,
लुकलुक करती, तेवढंच."

बराच वेळ झाला.
एक नीलकंठ तारेवरून उडाला आणि
पुन्हा त्याच तारेवर येऊन बसला.
मी कॅमेरा उचलला तशी
बिराजदारांनी टोपी काढून भांग नीट केला.
माझ्या तोंडून गेलंच,
हनुवटी थोडी वर.

तेवढ्यात पुढं, फार पुढं, भोंगा.
त्यांनी एक बोट वर केलं. "ऐका आता."

खण्ण.
मग दुसरी कडी, मग तिसरी,
झटका डब्याडब्यातून मागं येत होता,
जवळ, आणखी जवळ,
आणि हा ब्रेकव्हॅन अजून जागच्या जागी,
कुर्डूचं एक पानही हललेलं नाही.
"इंजिन गेलंय बगा कवाचं," ते म्हणाले,
"आमी आजून हितंच."

आणि हिसका त्यांच्यापर्यंत पोहोचला.

रात्री पडद्यावर पाहिलं.
चेहरा हललाय. भांगही हललाय.
हातातलं सीताफळ मात्र स्वच्छ,
खालचा कुर्डू तर तुऱ्यातुऱ्यानं मोजता यावा असा.
उजळ केला नाही. काहीच केलं नाही.

स्टुडिओच्या काचेत
दोन नवऱ्यांच्या मधे लावलाय.
फोटो काढायला आलेले विचारतात, हे कोण?
मी म्हणतो, मॅनेजर.
कशाचे, ते कुणी विचारत नाही.